पिवळ्या पिशवीतली वाळू

६ जानेवारी

प्रिय आत्या,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझी कंबर तेवढी गेली आहे.

एका दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्तीला आल्या होत्या. जुनं कापड उखडायचं, खालचे पट्टे ताणून ठोकायचे, फोम बसवायचा आणि वर नवं कापड चढवायचं, हे माझं रोजचंच काम. पण शेवटच्या खुर्चीचा पट्टा ओढताना पाठीत कळ आली आणि मी त्या खुर्चीला मिठी मारून उभी राहिले. कारखान्यातल्या बायकांना वाटलं, मला खुर्ची फारच आवडली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आठवडाभर आणि व्यायाम जन्मभर. तेव्हा माझा नवरा, म्हणजे तुझा लाडका लिफ्टवाला, म्हणाला की घरात व्यायामाची मास्तरीण असताना बाहेर कशाला धुंडायचं. मला पटलं. फोन केला असता, पण शाळेच्या मैदानावर जन्मभर शिट्टी फुंकून तू कान घालवून बसलीस, म्हणून हा पत्रव्यवहार. मला आठवड्याचं वेळापत्रक लिहून पाठव. शाळेतल्या पोरांना द्यायचीस तसं नको, माणसांना झेपेल असं.

आणखी एक. मे महिन्यात मी अडतिसाची होतेय. मूल हवं की नको, हे त्याच्या आत ठरवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. ठरवायचं ठरलंय, एवढीच प्रगती. आई दर आठवड्याला विचारते आणि विचारलं नाही असं दाखवते. ह्याला विचारावं तर हा म्हणतो, "तू म्हणशील तसं." असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मैत्रिणी म्हणतात. मला मात्र वाटतं की अख्खं कपाट मला एकटीला उचलायला लावून हा दार धरून उभा आहे, आणि वर म्हणतोय, सावकाश.

आपल्या घराण्यात मूल नको असं तोंडाने सांगणारी तू एकटीच. तू कसं ठरवलंस?

तुझी,
टाचणी

•

१४ जानेवारी

चि. टाचणीस,

आशीर्वाद, आणि पाठ ताठ करून वाच.

कंबर कुणाची आपोआप जात नाही, आपण तिला घालवतो. लहानपणापासून तू टाचण्या तोंडात धरून वाकून बसायचीस, तेव्हाच मी वहिनीला सांगितलं होतं. असो. सोमवारी जिने चढायचे, कठड्याला हात न लावता. मंगळवारी वाळूची पिशवी. चांगल्या कापडाची पिशवी शीव, तीन किलो वाळू भर, छातीशी धर आणि पाठ सरळ ठेवून घरभर चाल. दर पंधरवड्याला अर्धा किलो वाढव. बुधवारी फक्त ताण द्यायचा, मांजर देतं तसा. गुरुवारी पुन्हा पिशवी. शुक्रवारी भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची आहे असं समजून बसायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या केल्यास, आता एक न दिसणारी कर. शनिवारी झपाझप चालायचं, लिफ्टवाल्याला सोबत घेऊन; तो नुसता वरखाली करतो, त्याला आडवं चालायची सवय नसणार. रविवारी सक्तीची विश्रांती. त्या दिवशी काहीही उचलायचं नाही. प्रश्नसुद्धा नाही.

दुसऱ्या विषयाला वेळापत्रकात जागा नाही. आधी कंबर सरळ होऊ दे.

तुझी,
आत्या

•

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कंबर सुधारतेय. डोकं बिघडलंय.

आधी हजेरी देते. सोमवारी जिने चढते, तिसऱ्या मजल्यावर धाप लागते आणि माझी खात्री पटते की मूल नको. मंगळवारी पिशवी झाली की अंगात ऊब येते आणि वाटतं, काय हरकत आहे. बुधवारी ताण देताना पुन्हा नको. शुक्रवारी त्या न दिसणाऱ्या खुर्चीवर मांड्या थरथरायला लागल्या की कुणी काहीही विचारलं तरी मी हो म्हणेन, फक्त उठू द्या. शनिवारी चालताना हा सोबत असतो, तेव्हा आम्ही गटारांच्या झाकणांविषयी बोलतो.

आता पिशवीबद्दल. दवाखान्याच्या खुर्च्यांचं पिवळं कॉर्डुरॉय कापड उरलं होतं, त्याचीच शिवली. वाळू झिरपू नये म्हणून आत दुहेरी अस्तर लावलं, कडेला गोल शिलाई आणि धुवायला सोपं म्हणून वरचं कव्हर बटणांचं केलं. माझ्या हातून साधं काही होत नाही, तुला माहीत आहे. पिशवी फारच देखणी झाली. इतकी की ती कोपऱ्यात टाकायला जीव होईना, म्हणून तिची जागा आरामखुर्चीत. आणि आत्या, तुझा लिफ्टवाला संध्याकाळी कामावरून आला की तिला उचलून मांडीवर घेतो आणि टीव्ही बघतो. मधून मधून थोपटतो. विचारलं तर म्हणाला, हाताला बरं वाटतं.

मग काल रात्री माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन किलो. छातीशी धरून. घरभर फिरवत. दर पंधरवड्याला थोडं वजन वाढतं! तू आणि आई एकत्र आला आहात का? तुमचं पटत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, पण अशा कामासाठी शत्रूसुद्धा हातमिळवणी करतात. खरं सांग. आणि तू कसं ठरवलंस ह्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तुझी,
टाचणी

•

१७ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

चोराच्या मनात चांदणं. ही पिशवी मी शाळेत नववीच्या मुलांकडून वर्षानुवर्षं उचलून घेतली. पाठी सरळ झाल्या, एकालाही दिवस गेले नाहीत. मला तुझ्या आईच्या कटात सामील व्हायचं असतं तर मी इतका आडवळणाचा रस्ता धरला नसता, सरळ तिच्यासारखी रडले असते. मला तुला कुठेही ढकलायचं नाही. ना इकडे, ना तिकडे.

आता तुझा प्रश्न. दुखऱ्या स्नायूंनी घेतलेला निर्णय स्नायूंचा असतो, आपला नसतो. मी ठरवलं तेव्हा माझं काहीही दुखत नव्हतं. चौतीस वर्षांची होते, नोकरी पक्की, तुझ्या आतोबांचं दुकान बरं चाललेलं. दिवसभर मैदानावर पोरांचा कलकलाट आणि संध्याकाळी घराचं दार लावलं की शांतता. ती शांतता मला फार आवडायची. एके दिवशी मी दार लावलं आणि माझ्या लक्षात आलं की हे दार मला असंच लावत राहायचंय. ह्यांना तसं सांगितलं. हे म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते." विषय संपला, हे गेले तोपर्यंत पुन्हा कधी निघाला नाही. लोकांनी मात्र माझं सांत्वन करायचं सोडलं नाही. लग्नकार्यात कुणी ना कुणी बाई माझा हात हातात घेऊन उसासा टाकायचीच. मी तिच्या खांद्याचे व्यायाम तिला सांगायचे.

हे माझ्या निर्णयात खुशीत होते. पोरांची त्यांना ॲलर्जी नव्हती, उलट क्रीडादिनाला दरवर्षी दुकान बंद ठेवून यायचे, हातात स्टॉपवॉच घेऊन शर्यतींची वेळ मोजायचे. सगळं आटोपल्यावरही शेवटच्या पोराला न्यायला कुणी येईपर्यंत मैदानावर बसून राहायचे. सामानाच्या खोलीला कुलूप लावूनच निघायचं, असा त्यांचा खाक्या. फार व्यवस्थित माणूस.

तेव्हा माझं उदाहरण भिंतीवर लावू नकोस. तुझं दार तू बघ.

तुझी,
आत्या

•

३ मार्च

ती. वन्संना,

सा. न.

पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण आनंदाच्या वेळी मागचं काही मनात ठेवू नये असं मी ठरवलं आहे. बातमी अजून गुप्त आहे. तुमच्या भावाला मी सांगितलेलं नाही, त्यांच्या पोटात काही राहत नाही. फक्त माझ्या दोन्ही बहिणी, शेजारच्या बाई आणि त्यांच्या सूनबाईंना सांगितलं आहे.

परवा न कळवता टाचणीकडे गेले. दार उघडंच होतं. जावई आरामखुर्चीत बसून एक पिवळं गुटगुटीत मऊ काहीतरी मांडीवर झुलवत होते. हातसुद्धा कसा, अगदी डोक्याखाली. मला बघून ते असे लाजले की विचारू नका. मी हात लावून पाहिलं. बाळाचं अंथरूण भरायला घेतलं असावं, जरा जड वाटलं, पण कडेची शिलाई काय सुरेख! कव्हर धुता येईल असं, बटणांचं. कुठल्याही बाईला ह्याचा अर्थ कळेल. जावयांना सवय करून घ्यायला लावते आहे, माझी लेक पहिल्यापासून हुशार. ती कामावर होती, म्हणून मी काही बोलले नाही. ती सांगेल तेव्हा मला माहीत नव्हतं असं दाखवीन. जावयांच्या पाठीवरून फक्त हात फिरवला आणि म्हटलं, सगळं नीट होईल. त्यांचे डोळे भरून आले.

तिने तुम्हाला नक्कीच आधी कळवलं असेल, तुमच्यावर तिचा जीव आहे. मला वाईट वाटलेलं नाही.

आपली,
वहिनी

•

८ मार्च

चि. टाचणीस,

पिशवी आजपासून बंद. शुक्रवारची खुर्चीही बंद. जिने सावकाश, कठडा धरून. पुढचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून दे असं माझं शास्त्र सांगतं, म्हणून मी ते लिहीत नाही.

बातमी मला वहिनीकडून कळली. वहिनीकडून! दोन महिने तू मला तुझ्या मांड्या कधी थरथरतात ते कळवते आहेस आणि हे मात्र मला त्या माउलीच्या अक्षरात वाचावं लागतं.

आता जे लिहिते आहे ते लिहू नये असं सकाळपासून वाटतंय. तुझ्या आईचं पत्र वाचून मला आनंद झाला नाही. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं ह्याची लाज वाटली. मी तुला कुठेही ढकलत नाही असं मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ते खोटं होतं हे मला आत्ता कळतंय. तू पहिल्या पत्रात विचारलंस ना, तू कसं ठरवलंस, तेव्हापासून मी रोज टपालाची वाट बघत होते. इतकी वर्षं ह्या घराण्यात मी एकटी होते. लग्नात, बारशात, फोटोत कडेला. मला वाटलं, आता कडेला दोघी असू. बघ, म्हातारपणी कसली हाव सुटते.

असो. तू सुखी राहा. पाठ सरळ ठेव. आता तर जास्तच.

तुझी,
आत्या

•

१६ मार्च

प्रिय आत्या,

वाळू आहे गं ती! फक्त वाळू! आता साडेचार किलो.

मला दिवस गेलेले नाहीत. तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग तुझ्या त्या शेवटच्या ओळींपाशी आले आणि कारखान्यात सगळ्यांसमोर डोळे पुसले. त्यांना वाटलं, पुन्हा कंबर. तू कडेला उभी होतीस हे मला कधी दिसलंच नव्हतं. आम्हा पोरांना तू फोटो काढणाऱ्याला हुकूम देताना दिसायचीस.

आईला मी फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बटणं तरी लावायची नव्हतीस. शेजारच्या सूनबाईंना आता तीच समजावते आहे की तिची लेक वाळू उचलते. मला तिची दया आली. एवढ्या मोठ्या आनंदाचा तिने बिचारीने स्वतःच्या हाताने चुराडा करायचा आणि वर व्यायामाचे फायदे सांगायचे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आई त्या मंगळवारी आली होती आणि मला हा घोळ गुरुवारी मावशीच्या अभिनंदनाच्या फोनमुळे कळला, तुझं पत्र यायच्या आधीच. मधल्या सबंध दिवसात ह्याला ठाऊक होतं की आई काय समजून गेली. ह्याने तिला अडवलं नाही. मलाही सांगितलं नाही. एवढंच नाही, बुधवारी ह्याच्या कामावरच्या माणसाने, आईच्या बहिणीकडून ऐकून, ह्याचं अभिनंदन केलं, तर ह्याने त्यालाही थँक्यू म्हटलं. मी चिडले. म्हटलं, तुझ्या तोंडाला कुलूप होतं का? तो मोजे काढत होता. एक मोजा हातात धरून म्हणाला, "एक दिवस बरं वाटलं."

मग उठून आंघोळीला गेला. तू म्हणशील तसं, असं दहा वेळा म्हणणारा माणूस. आणि मी मात्र आईला "नाही गं, काही नाही" असं सांगताना आतून किती हलकी झाले होते, ते माझं मलाच ऐकू आलं. आता काय करू?

तुझी,
टाचणी

•

२२ मार्च

चि. टाचणीस,

कार्ड लिहिते आहे, पाकीट शोधायला धीर नाही. वाळू वाचून जीव भांड्यात पडला. भांड्यात पडला ह्याचीही थोडी लाज वाटली, पण आता सवय झाली.

काय करू म्हणजे काय? त्याच्याशी बोल. तो पुन्हा "तू म्हणशील तसं" म्हणाला तर म्हण की मी अजून काही म्हटलेलं नाही, आधी तू म्हण.

आत्या

•

१२ एप्रिल

प्रिय आत्या,

आम्ही बोललो. तुझा नियम मोडून रविवारी बोललो, कारण सोमवारी जिने असतात आणि मला जिन्यांचं मत नको होतं.

जमिनीवर बसलो. मध्ये पिशवी. आधी तू, असं म्हटल्यावर हा खूप वेळ पिशवीची बटणं काढत आणि लावत बसला. मग म्हणाला की त्याला मूल हवं आहे. लग्नाआधीपासून. कधी बोलला नाही, कारण बोललं की मला ओढल्यासारखं होईल आणि त्याला ओढायचं नव्हतं. मी त्याला सांगितलं की मला नको आहे. भीती वाटते म्हणून नको असं नाही, वेळ नाही म्हणून नको असंही नाही. मी कितीही वेळा आत बघितलं तरी तिथे ती हाक नाही. आईच्या हट्टाखाली, त्याच्या गप्प बसण्याखाली, वजनाखाली, सगळीकडे शोधून झालं.

त्याने पिशवी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता हा उठून जाईल. मला खरंच वाटलं की आमचं संपलं. पण तो बसून राहिला आणि म्हणाला, "जास्त माणसं चढली की लिफ्ट हलत नाही. दार उघडं ठेवून नुसती वाजत राहते. कुणीतरी एकाने उतरायचं असतं. मी उतरतो."

मी म्हटलं, असं उपकार केल्यासारखं उतरू नकोस. तो म्हणाला, उपकार नाही, मला ह्याच इमारतीत राहायचंय. मग आम्ही दोघंही रडलो, वेगवेगळ्या कारणांसाठी.

तर ठरलं, आत्या. माझ्या मनासारखं ठरलं. आणि मी आठवडाभर स्वतःच्याच घरात हळू पावलांनी वावरते आहे. तो छान आहे, विनोद करतो, शनिवारी चालायला येतो. पण संध्याकाळी कामावरून आला की अजूनही पिशवी मांडीवर घेतो. एकदा वाटलं, ती उसवून वाळू कुंडीत ओतावी. हात झाला नाही.

म्हणून तुझं फेब्रुवारीतलं पत्र पुन्हा काढलं. आतोबा खुशीत होते असं तू लिहिलं आहेस. "तुला योग्य वाटेल ते," असं म्हणाले आणि विषय संपला. आत्या, मी तुझ्याच शाळेत होते, विसरलीस? तिसरीत असताना क्रीडादिनाला आईला यायला खूप उशीर झाला होता, तेव्हा ते शेवटचं पोर मी होते. आतोबांनी स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, बघू या आई किती वेळ लावते. माझ्या बुटाची नाडी बांधली, सुटलेली नव्हती तरी सोडून पुन्हा बांधली. लांबून आई येताना दिसली तेव्हा मी टाळ्या पिटल्या, आणि ते हळूच म्हणाले, "आलीसुद्धा?"

ते कुलपासाठी थांबत नव्हते गं.

तुला दुखवायचं नाही. तू मला कडेला दोघी असू म्हणालीस, म्हणून सांगितलं. आता खरंच दोघी आहोत.

तुझी,
टाचणी

•

२० एप्रिल

चि. टाचणीस,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसले आणि रोज चालायला गेले. माझ्या पायांचे स्नायू ह्या वयात उत्तम झाले आहेत.

तुझा निर्णय तुझा आहे आणि तो चांगला आहे. माझाही चांगलाच होता. पुन्हा चौतीस वर्षांची झाले तर तेच दार तसंच लावीन, हे मी ह्या सहा दिवसांत दहा बाजूंनी तपासून पाहिलं. फरक एवढाच की लावण्याआधी वळून बघेन, आत कोण उभं आहे. तू वळून बघितलंस. मास्तरीण मी, आणि हे तू मला शिकवावंस.

वाळू कुंडीत ओतू नकोस. वजनही वाढवू नकोस, आहे तेवढं पुरे. मंगळवार-गुरुवार पिशवी तुझी. बाकी संध्याकाळी त्याची, आणि त्याला काही विचारायचं नाही. रविवारच्या विश्रांतीत बदल करते आहे. रविवारी तो पिशवी घेऊन बसेल तेव्हा तू शेजारी बसायचं. टीव्ही बंद. तो बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तरी उठायचं नाही. पहिले काही आठवडे जड जाईल. नवीन व्यायाम जातोच.

राहता राहिलं कुलूप. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात असायची, शिट्टीच्याच दोरीला. शाळेचा नियम होता, मी ती कुणाच्या हातात दिली नाही, ह्यांच्याही नाही. तुझं पत्र वाचून ड्रॉवर उघडला. दोरी आहे, शिट्टी आहे, किल्लीही आहे. परत द्यायची राहिली. दुसरी किल्ली नव्हतीच.

तुझी,
आत्या